घट

नऊ पिल्लं घेऊन खुडूक खाली उतरली
परड्यात, उकिरड्याच्या अंगाला.
दहावं अंडं टोपलीत तसंच.
त्याला एक भोक, तांदळाएवढं,
आणि भोकातून आवाज.

"हात लावू नगंस," जुलेखाबी भिंतीपल्याडनं म्हणाली,
"ज्याचं त्यानं फोडायचं असतंय.
फोडून दिल्यालं जगत न्हाई."
तिच्या दारात चाळीस वर्षं कोंबड्या.
मी मान हलवली
आणि अंडं पदरात घेतलं.

हुपरीत कुठल्याही घडीला
घराघरात कुणीतरी कडीत कडी अडकवत बसलेलं असतं.
मीही बसले.
पारिसअण्णांचा माल उद्या द्यायचा होता,
चोवीस जोड पैंजण, घुंगरांसकट.
दिव्याच्या उबेला, ओल्या फडक्यात अंडं.
एक कडी झाळायची, एकदा कान लावायचा.

दुपारपर्यंत टकटक होती.
मग थांबून थांबून.
संचिता शाळेतनं आली, दप्तर न काढताच वाकली,
"आई, हे झोपलंय का?"

धाकटीचे फोन असेच यायचे, गडहिंग्लजहून.
आधी रोज.
मग थांबून थांबून.
मी जाते म्हणाले तेव्हा सगळे म्हणाले,
तिचं घर हाय, तिचं तिनं बघू दे.
मी पिशवी भरलेली होती.
पिशवी खुंटीला राहिली.
मग एकदा तिच्या दिराचा फोन आला.

वीस वर्षं चिमटा धरते मी.
केसाएवढी तार डोळ्यांआधी बोटांना कळते.
तरी हात कापला.
कवच निघालं तिळातिळानं.
खाली पापुद्रा, सुकून कागद झालेला,
पिल्लाच्या अंगाला घट्ट चिकटलेला.
कोमट पाणी, कापसाचा बोळा, फुंकर नाही.
पुढं पापुद्र्यात एक लाल रेघ दिसली,
वाहती.
चिमटा मी खाली ठेवला.
हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं.
चांदीत रक्त नसतं.

मग नुसतं बसणं.
वीज गेली, आली.
कोल्हापूरची शेवटची एसटी चौकातनं गेली.
संचिता भाकरीचा तुकडा हातात धरून पेंगली.
मी कड्या मोजल्या, चुकले, परत मोजल्या.
खरं सांगू? राग येत होता मला त्याचा.
एवढं बोलावलंस,
आता मी आले, तर गप्प?

अडीचच्या पुढं कधीतरी
लाल रेघ फिकी झाली, आत शोषली गेली.
मी परत चिमटा घेतला.
टोपी काढावी तसं वरचं कवच काढलं
आणि ते उलगडलं,
ओलं, काळपट, काहीच्या काही कुरूप,
मान टेबलावर टाकून पडलं
माझ्या घुंगरांच्या ढिगात.
घुंगरं वाजली.
तेवढ्यानं दचकलं ते.
दचकलं म्हणजे जिवंत.

चांदीच्या काट्यावर ठेवलं.
सवयच ती, घरात काहीही आलं की काट्यावर.
पिल्लू एकतीस ग्रॅम. कवच पाच.
अंडी बसवताना कॅलेंडरवर मांडून ठेवलेलं:
दहावं, सेहेचाळीस.

पारिसअण्णा माल घेताना घट धरतात,
तेवढी सुटते, वरची आमच्या मजुरीतनं.
इथं दहा ग्रॅम नाहीत.
टेबल झाडलं, फडकं पिळलं.
दहा ग्रॅम नाहीत.

सकाळी जुलेखाबी आली, ओंजळीत कण्या.
पिल्लाच्या उजव्या पायाची बोटं मिटलेली,
मी त्यांना चिकटपट्टी लावली होती, सपाट.
तिनं उचलून उजेडात धरलं, उलटं केलं, सुलटं केलं.
"लंगडं व्हईल गं."
"होऊ दे."
तिनं कण्या जमिनीवर टाकल्या.
ते एका बाजूला कलंडलं,
उठलं,
परत त्याच बाजूला कलंडलं.