पेन्सिलीने

बॅलार्ड इस्टेट, लंच संपत आलेला.
तांडेलने रजेचा अर्ज सरकवला,
"मॅडम, इंग्लिश तेवढं बघा. साहेब हसतात."

पेन्सिलच घेतली. लाल पेन खोडता येत नाही.
'द' सगळीकडे, कोथिंबीर भुरभुरावी तसा.
दोन काढले, एक राहू दिला.
'रिटर्न बॅक'मधला बॅक हळूच पुसला.
"मीही असंच लिहायचे," म्हटलं. खरंच लिहायचे.

शेवटी :
माय मदर इज व्हेरी गुड कुक.
एक्स्पायर्ड ऑन मंगळवार.

मंगळवारचा ट्यूजडे केला.
मग 'इज'वर टोक टेकलं,
आणि तिथेच थांबलं.

त्याच्या उघड्या डब्यात
तिने घातलेलं कोलंबीचं लोणचं,
अजून अर्धी बरणी घरी असेल.

"बरोबर आहे ना, मॅडम?"

"आहे," मी म्हटलं.