रिपीट

दुसऱ्या रिळाच्या मध्यावर दिवा गेला.
पडद्यावर एक बाई फलाटावर उभी होती,
तिच्या टोपीवर बर्फ साचत चाललं होतं,
आणि बाहेर कन्ना चौकात एप्रिलची रात्र
दिवसभराची धग भिंतींतून परत करत होती.

प्रोजेक्टरचा मोठा दिवा गेला, आवाजाचा छोटा राहिला.
स्पेअर बल्ब नव्हता. सेक्रेटरी सायकल काढून नव्या पेठेत पळाले,
जाताना म्हणाले, बंद कर, फिल्म दूतावासाची आहे.

मी चालू ठेवली.

शाळेचा हॉल, एकवीस माणसं, काळा पडदा.
आधी खालच्या पट्टीत एकटाच कुणीतरी बोलायला लागला,
मान खाली घालून, उशिरा आलेल्या पाहुण्यासारखा.
त्याचं वाक्य संपायच्या आत दुसऱ्यानं तेच उचललं, थोडं वर,
दुसऱ्याच्या खांद्यावरून तिसऱ्यानं.
चेलो, व्हायोला ही नावं मी पुढं कधीतरी शिकलो.
त्या रात्री नुसत्या तारा होत्या,
जाड, बारीक, आणि फार बारीक.

नरसप्पा येमूल पहिल्या बाकावर असायचे.
सव्वीस वर्षं मागावर. उजवा कान गेलेला, डावा निम्मा.
ते सिनेमाला यायचे चित्रासाठी,
भाषा कुठली याचं त्यांना सोयरसुतक नव्हतं.
आता चित्रच नाही म्हटल्यावर ते उठले,
चाचपडत पुढं गेले
आणि स्पीकरच्या लाकडी खोक्यावर तळवा ठेवला,
पोराचा ताप बघावा तसा.

मग मोठ्यानं, बहिऱ्या माणसाच्या मोठ्यानं:
मळ्ळी वच्चिंदि.
परत आलं.

मागं कुणीतरी फिसकन हसलं.
थोड्या वेळानं पुन्हा, मळ्ळी वच्चिंदि,
तेव्हा कुणी हसलं नाही.
तोवर आम्हीही वाट बघू लागलो होतो
आणि त्यांच्या हाताला ते आमच्या आधी कळत होतं.

अकरा मिनिटं. बल्ब आला, चित्र आलं.
फलाट रिकामा होता.
बाई गाडीत बसली की घरी परतली, मला अजून माहीत नाही.
रीळ मागं घेता आलं असतं.
कुणी म्हटलं नाही.

पावसाळा संपता संपता येमूलांनी पुठ्ठे ठोकायला घेतले.
मोराला लागतात त्याच्या चौपट.
रात्री, घरच्या जेकार्डवर, वीज असेल तेव्हा.
बायको म्हणायची, कुणाची ऑर्डर?
त्यांना ऐकू यायचं नाही. किंवा यायचं.

झंवरशेठनं चादर काउंटरवर पसरली,
या काठापासून त्या काठापर्यंत बोट नेलं,
उलटी केली, पुन्हा सुलटी केली.
रिपीट कुठंय, येमूल?
येतं की. परत येतं.
कुठं?
हे काय, इथं. तोंड बदलून येतं, एवढंच.

शेठ वाईट माणूस नव्हता. त्यानं चहा मागवला.
म्हणाला, गिऱ्हाईक जोडी घेतं.
दोन चादरी सारख्या निघाल्या नाहीत
तर लग्नात देणार कशा?
येमूल चहात बघत राहिले.
त्या पुठ्ठ्यांचा गठ्ठा पुढं दोन हिवाळे
त्यांच्या न्हाणीच्या बंबाला पुरला.

विणलेली एकच. ती माझ्याकडे आहे.
दिली तेव्हा काहीच म्हणाले नाहीत,
उंबऱ्यात चप्पल घालताना मात्र वळून म्हणाले,
पाच ठिकाणी येतं. बघ.

काळा रंग धुऊन धुऊन राखेसारखा झालाय.
पूर्व भागात दुपारी लाइट जाते,
गल्लीतले माग एकेक करून गप्प होतात,
तेव्हा मी ती पलंगावर पसरतो आणि तळवा फिरवतो,
डोळे मिटून, कारण डोळ्यांना नुसती नक्षी दिसते.

चार सापडलीत.