कासव

आमच्या कुताइसीत पटावर उंट नसतो,
कासव असतं.
त्सिआला म्हणाली, ते कोपऱ्यात बसव,
राजाला त्याच्या शेजारी ने,
आणि पांढऱ्याला सगळं मैदान देऊन टाक.
सगळं?
सगळं. मग पेटवायचं.

रात्रपाळी उरकून मी तिचे चार जिने चढायची,
हातांना स्पिरिटचा वास.
वजिरापुढचं प्यादं दोन घरं आलं
की आयुष्यभर मी दार लावून बसलेली,
प्याद्याला प्यादं टेकवून, बरोबरी मागत.
सेहेचाळिसाव्या वर्षी शिकले
स्वतःच्याच राजावरचं छप्पर उचकटून
प्यादी सुसाट सोडायला.

तेलावीच्या स्पर्धेत समोर एक पोरगी,
दातांना तार.
सातव्या खेळीला तिने मधलं प्यादं मारलं,
आठव्या खेळीला वजिराने वजीर.
झालं.
हिवाळाभर जपलेली काडेपेटी
खिशातच सादळली.
पटावर उरली नुसती शांतता
आणि माझ्याच प्याद्यामागे कोंडलेलं कासव.

त्सिआला खिडकीशी सूर्यफुलाच्या बिया सोलत होती.
तिने बघितलंसुद्धा नाही.

कासवी म्हणे नुसत्या नजरेने पिलं वाढवते.
मी बराच वेळ बघत बसले.
मग कासव एक घर मागे घेतलं.
पोरगी हसली, तार चमकली.
पुढच्याच खेळीला ते दुसऱ्या वाटेने बाहेर आलं
आणि तिच्या राजाच्या उंबऱ्याकडे
टक लावून बसलं.

अजून निदान चाळीस खेळ्या होत्या.
मी स्वेटर काढून खुर्चीला अडकवला.