टेस्ट ड्राइव्ह, यवतेश्वर

निघताना मी पाठ म्हणून दाखवला:
बॅटरी आता मागच्या सीटखाली गेली,
त्यामुळे डिकीत पोतं आडवं बसतं.
काचेलगतचा खांब बारीक केलाय,
वळणावरचा माणूस लपत नाही.
इलाहीभाई मुलाणी, एस.टी.तून रिटायर,
किल्ली खुपसायची जागा शोधत होते.

समर्थ मंदिर मागे पडलं, चढ लागला.
इंजिन कधी जागं झालं, कळलंच नाही.
"जुन्या मॉडेलला इथं हिसका बसायचा," मी म्हणाले.
"बसू द्यायचा की. गाडी बोलतीय एवढं तरी कळायचं."

परतीला त्यांनी ब्रेकवर पाय ठेवला
आणि पडद्यावर हिरवी रेघ चढू लागली.
"ह्ये काय?"
"उतार साठवतेय, भाई. ब्रेक दाबला की वीज होते."

त्यांनी गाडी कडेला घेतली.
खाली सातारा, पत्र्यांवर ऊन.
एकोणतीस वर्षं, बामणोली गाडी,
हाच घाट दुसऱ्या गिअरात उतरवलेला.
लायनर जळायचे, वास जेवणाच्या डब्याला लागायचा,
बायको डबा घासताना विचारायची,
आज कुठला घाट शिजवला?
"एवढा उतार..."
बोटांवर काहीतरी मोजायला घेतलं,
तिसऱ्या पेरावर सोडून दिलं.

किंमत विचारली नाही. ॲव्हरेजही नाही.
शोरूमच्या दारात उतरले,
बॉनेटवर तळवा टेकवून बघितला, सवयीनं.
फार तापलं नव्हतं.

फॉर्मवर नाव, गाव, मोबाईल.
ग्राहकाचा अभिप्राय या रकान्यात,
लॉगशीट भरणाऱ्या हातानं, तिरकं:
उतार चांगला.