बिनबुडाचं

आई मार्सेय बघून तेरला परत आली
आणि तीन दिवस कुणाशी धड बोलली नाही.
चौथ्या दिवशी माती तुडवता तुडवता म्हणाली,
"बादलीत निळीची अख्खी पुडी सांडावी ना,
तसलं पाणी."

मी राख चाळत होते.
गल्लीतल्या बाया उंबऱ्यावर येऊन टेकल्या,
कोंडणबाई, शेवंता, तांबोळ्याची रुकसाना.

दादा तिकडे गोदीत जहाजांची बुडं सांधतो.
धाराशिवच्या आयटीआयमधलं वेल्डिंग,
मग माझगाव, मग मस्कत, मग ते.
त्यानंच तिकीट धाडलं, अठरा दिवसांचं,
आणि बजावलं, पायमोजे घालून ये.

"डोंगर पांढरेफट, चुनखडीचे,
समिंदरात पाय सोडून बसलेले.
झाडं वाऱ्यानं एकाच अंगाला इंचरलेली.
आन् वारा कसला!
पदर खोचून खोचून कमरंला वळ उठले माज्या."

बंदरावर मासळी बायाच विकतात म्हणे,
ढोकीच्या बाजारासारख्या ओरडून.
एकीनं आठ पायांचं काहीतरी नाकासमोर धरलं.
"मी म्हणलं, बाई गं, आज सोमवार हाय."
ती हसली. काय कळलं तिला, देव जाणे,
ओंजळभर लिंबं फुकट दिली.

टेकडीच्या टोकाला देवी आहे, सोन्यानं मढवलेली,
लेकरू कडेवर.
"आत छताला बारकी बारकी जहाजं टांगल्यात,
आपण नवसाचे पाळणे बांधतो तशी.
ज्याचं माणूस दर्यातनं माघारी आलं
त्यानं टांगायचं."
मातीतला एक खडा तिनं काढला, लांब भिरकावला.
"म्या न्हाई टांगलं.
आपलं अजून कुटं आलंय."

शेवंता म्हणाली, चहा ठेवू का?
कुणी काही बोललं नाही.

शेवटच्या दिवशी दादानं संग्रहालयात नेलं.
"तर तितंबी मडकीच. म्हणलं, घरी काय कमी हुती!"
पुरुषभर उंच, दोन कान,
आणि खाली गाजरासारखं निमुळतं टोक.
आई काचेपाशी वाकली ती वाकलीच.
"कुणा शिकाऊ पोराचं काम दिसतंय. बूडच न्हाई.
ठिवायचं कुटं ह्याला?"
दादा म्हणाला, ठेवायचं नसतंच गं,
जहाजाच्या पोटात वाळूत रोवायचं
आणि न्यायचं.
"म्हंजी तुज्यावानीच," आई म्हणाली.
त्यावर तो काय बोलला, ते तिनं सांगितलं नाही.

रविवारी ती आपल्या गावातल्या संग्रहालयात गेली.
तीस वर्षं त्याच्याच भिंतीला पाठ टेकून तिनं
उन्हाळ्यात माठ आणि संक्रांतीला सुगडी विकली,
आत पाऊल टाकलं नव्हतं.
पहारेकरी शेषेरावनं तिच्यासाठी पंखा लावला.
कोपऱ्यात, खालच्या फळीवर,
तळहाताएवढं एक फुटकं टोक.
"हे कुटनं आलं?"
तिकडूनच, मावशी. रोमकांची दारू यायची त्यातून,
दोन हजार वर्षं झाली.
"आन् इथनं काय गेलं?"
कापड म्हणतात. मलमल.
"माणसं?"
ते शेषेरावला ठाऊक नव्हतं.
फळीवर तशी पाटी नव्हती.

मग चाकावर तिनं चार दिवस घालवले.
पहिलं टोकाशी फाटलं,
दुसऱ्याला आव्यात तडा गेला.
तिसरं निघालं, जरा कलतं, एक कान आखूड.
"बिनबुडाचं बोलणं ऐकलं होतं,
मडकं आजच बघितलं," कोंडणबाई म्हणाली.

समोर रुकसानाच्या बांधकामाची वाळू पडली आहे.
आईनं ते तिच्यात रोवलं, दोन्ही हातांनी हलवून पाहिलं,
माझ्या फोनवर फोटो काढायला लावला.
दादाचं उत्तर रात्री उशिरा आलं, नुसता अंगठा.

पुढच्या महिन्यात वाळू संपेल.
तोवर त्यात आम्ही तुरीचं बियाणं ठेवलंय.