निव्वळ वजन

शिरोलीत, नाक्यापासून आत, दोन फाउंड्र्या सोडून
आमचा वजनकाटा.
अठरा वर्षं मी तिथल्या काचेच्या खोलीत.
ट्रक चढतो, ड्रायव्हरला म्हणायचं, खाली उतर;
भरलेलं लिहायचं, मग रिकामं,
वजाबाकी म्हणजे माल.
भंगार, बिडाचे तुकडे, वाळू, हंगामात ऊस.
क्लीनर गुपचूप मागच्या चाकाआड उभा राहिला
तरी मला कळतं.

स्वतःचं कळलं नाही.
शिरगुप्पे डॉक्टर म्हणाले, सत्त्याण्णव.
मग विचारलं, "घेता किती?"
"असंच. कधीमधी."
"कधीमधी म्हणजे आठवड्यातनं कितीदा?"
मी बोटं मोजायला लागलो,
अंगठा तेवढा उरला.

रिपोर्टच्या मागच्या बाजूला त्यांनी हिशेब मांडला:
एका क्वार्टरमध्ये साधारण तीन भाकऱ्या.
वर शेंगदाणे, अंडी, सुक्कं वेगळं,
आणि घरी झाकून ठेवलेलं ताट, ते तर वेगळंच.
तीन भाकऱ्या!
भाकरी वाढताना माणूस ताटावर आडवा हात धरतो,
पुरे म्हणतो.
ग्लासावर असा हात धरलेला
आमच्या टेबलावर तरी मी पाहिला नाही.

सोडली नाही. खोटं कशाला बोलू.
कमी केली.
फक्त शनिवार, तोही एकच, पाणी जास्त,
आणि चकण्याची बशी रंगाच्या बाजूला सरकवलेली.

बुधवारी रंगा इंगवलेचा फोन, "बसायचं का?"
किती साधं क्रियापद आहे हे.
शाळेत बसलो, लग्नात पाटावर बसलो,
बाप गेला तेव्हा दहा दिवस ओसरीत बसलो,
पण 'बसायचं का' म्हटलं की
कोल्हापुरात कुणी विचारत नाही, कुठं आणि कशाला.
म्हणालो, "उभाच बरा हाय मी."
रंगा हसला. मग गप्प झाला.
मग म्हणाला, "खुळा झालास लेका,"
आणि फोन ठेवताना हळूच, "किती कमी झालं रं?"

अवघड जातात ते संध्याकाळचे सात.
हाताला काय करावं कळत नाही.
रंकाळ्याला एक फेरी मारतो, तरी साडेसातच वाजतात.
गंगावेशीत जाऊन म्हशीचं धारोष्ण दूध प्यालो
आठ दिवस, मोठ्या इमानदारीनं.
डॉक्टरांनी तेही बंद केलं.

मालन काही बोलली नाही.
आधी दारातनंच ऐकू यायचं,
"मी जेवलो, तुमचं झाकून ठेवलंय."
त्या बुधवारी दोन ताटं मांडलेली.
"अजून जेवली नाहीस?"
"थांबलो हुतो," म्हणाली,
आणि वांग्याचा रस्सा नीट ढवळत राहिली,
जणू त्यातच काहीतरी हरवलं होतं.

मधे बापू मगदूमच्या पोराची हळद आली.
किती झाले ते मोजले नाहीत.
दोन किलो परत आले, पाहुण्यासारखे,
आणि पाहुण्यासारखेच महिनाभर हलले नाहीत.

आमचा काटा दहा किलोच्या टप्प्यानं बोलतो.
पहिल्या रात्री चढलो होतो तेव्हा म्हणाला, शंभर.
तीन किलो पदरचे घातले.
एक गेलं, शंभर.
हळदीनंतर शंभर, नंतर कितीदा तरी शंभर.
टनांत जगणाऱ्याला
माणसाचं एवढंतेवढं दिसत नाही.

आणि मग थंडीत एकदा, गर्दी नसताना,
चपला काढून मधोमध उभा राहिलो.
लाल आकडे जरा थरथरले.
नव्वद.

डॉक्टरांकडं सकाळीच साडेचौऱ्याण्णव भरलो होतो.
म्हणजे खोटं आहे, मला ठाऊक आहे,
अठरा वर्षं हेच तर पकडत आलोय मी.
तरी आत जाऊन पावती फाडली.
वाहन क्रमांक: कोरा.
माल: पेन टेकवलं, उचललं, कोरा.
खिशात घालून पुन्हा बाहेर आलो, पुन्हा उभा राहिलो,
उगाच, दिवा बघत.

मागनं हॉर्न वाजला.
कागलचा ट्रक, भंगारानं गच्च.
पोरगं खिडकीतनं वाकून ओरडलं,
"ओ मामा, खाली उतरा की,
आमचं वजन करायचंय!"