डावखुरी

भांडी बाजारातून वर चढलं की
घागरींच्या ठणठणाटामागे एक जाळीचं दार.
सैफुद्दीनभाई आधी परवाना बघतात,
मग चष्म्यावरून मला,
मग पुन्हा परवाना.
'शिकार?'
'नाही. मातीचे पक्षी. चकत्या.'
'हां. बाहत्तरपासून तेच उडतात.'

बजेट मी तोंडानं सांगितलं नाही,
कागदावर लिहून दिलं.
त्यांनी तो घडी घालून गल्ल्यात ठेवला,
एखाद्याची उधारी ठेवावी तसा.

पहिली इटलीची. अक्रोडाचा दस्ता.
हात लावू दिला, किंमत सांगितली,
आणि आम्ही दोघांनी मिळून ती परत फडताळात निजवली.

दुसरी तुर्की, सेमी-ऑटो, काळं प्लास्टिक.
'ही गॅसवर चालते. धक्का कमी,
पण दर रविवारी धुवायची, पार आतल्या काजळीपर्यंत.
तिसरी चालते धक्क्यावरच.
हलकी काडतुसं भरलीस की रुसून बसते.
तुझ्या कागदात तुर्कीच बसेल,
तीसुद्धा वापरलेली, दस्त्यावर हा ओरखडा.'

उचलली. गालाशी लावली.
त्यांचा चहाचा हात हवेतच थांबला.
'डावरी?'
मी मान हलवली, बंदुकीसकट.
'रिकामं काडतूस ही उजवीकडे फेकते.
म्हणजे तुझ्या डोळ्यांपुढून.
डाव्या हाताची मागवता येते बाहेरून,
पण मग तुझा हा कागद फाडावा लागेल.'

सखाहरीमामाची दुनळी तशी नव्हती.
मधोमध मोडायची ती,
काडतुसं सरळ मागे,
कुणाच्याच बाजूची नाही.
मामानं मला शिकवलं केरसुणी खांद्याला लावून,
खाणगावच्या बांधावर, घारीच्या मागे मागे:
पक्ष्यावर धरू नको.
तो जिथं नाहीये तिथं धर,
त्याला यायचंच आहे तिकडं.

आता तो नांदूर मधमेश्वरला
दुर्बीणवाल्यांना पाणथळ दाखवतो.
दिवसाला पाचशे, शिवाय चहा.
त्याच्याकडे नावं पुस्तकातली,
पण खुणा अजून जिभेवरच्या.
ती तलवार बदकं बघा, म्हणतो, फार गोड.
तो थापट्या. चिखलट.
चक्रवाकाला तर कुत्रंही विचारत नव्हतं.
पुण्याच्या बाया वहीत काहीतरी लिहितात
आणि एकमेकींकडे बघत नाहीत.

दुकानाच्या पायरीवरून त्याला फोन लावला.
'किती वेळा वाजते?'
'पाच.'
पलीकडे बराच वेळ नुसतं पाणी ऐकू आलं,
आणि एक टिटवी.
'आम्ही दोन ठोकायचो,' म्हणाला.
'तिसरा बार पक्ष्याचा असायचा.'
मग म्हणाला, 'घे. तुझे पैसे आहेत.'

घेतली.
नंबर परवान्यावर चढायला तीन आठवडे,
चार सह्या, आणि एक साहेब
ज्यांना वाटत होतं बंदूक माझ्या नवऱ्याची आहे.
द्वारका चौकात वेल्डिंगवाल्यांच्या दुकानातून
दीडशे रुपयांचा पारदर्शक चष्मा.

पहिल्या दिवशी पंचवीसपैकी सहा.
उजवीकडे झेपावणारं लाल काडतूस
ऊबदार, नाकासमोरून,
आणि माझे डोळे त्याच्याच मागे,
चकती तोवर टेकडीपलीकडे.
ट्रॅपवरचा पोरगा म्हणाला,
ताई, तुम्ही कचऱ्यावर नेम धरताय.

एका रविवारी मामाला घेऊन गेले.
धोतर सावरत, कानात कापूस,
तो माझ्या मागे उभा राहिला, एक शब्द नाही.
चौदा लागल्या.
मग नारिंगी कपच्यांच्या रानात वाकून
त्यानं एक उचलली, हुंगली,
आणि मी नको नको म्हणेस्तोवर
जिभेच्या टोकाला लावली.

'चिखलट,' म्हणाला.

गवतात एक न फुटलेलीही सापडली त्याला.
ती मात्र चाखली नाही.
सदऱ्याला पुसून
खिशात घातली.